हात काळे, करिअर हटके!

कन्हानचा पोरगा 'आयटीआय करतोय' म्हणाला, की आपण एसीत बसणारी मंडळी 'अच्छा' म्हणून विषय बदलतो. पण बॉस, जरा थांबा! राफेलवाल्या फ्रेंच दसॉ कंपनीने २०१९ मध्ये नागपूरच्या सरकारी आयटीआयमध्ये विमानाच्या सांगाड्याचे फिटर घडवणारा ट्रेड आणला. इथे रिव्हेट तिरका बसला तर ड्रिलने काढा, पुन्हा बसवा. 'कंट्रोल झेड' नाही! मिहानमध्ये फाल्कन जेटचे भाग बनतात, एअर इंडियासाठी बोईंगने बांधलेलं दुरुस्ती केंद्रही तिथेच. फक्त दुरुस्त विमान उडायला सोडणारी सही डीजीसीएचं लायसन्स असलेल्याचीच चालते. म्हणजे आयटीआयनंतर आणखी अभ्यास. शिवाय कन्हानहून मिहान म्हणजे कामठीसकट अख्खं नागपूर पार! मेट्रो दुसऱ्या टप्प्यात कन्हान नदीपर्यंत येणार आहे. तोवर बाइक झिंदाबाद.