न ऐकलेल्या रचनेचा पहिला क्रमांक

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील सर्वश्रेष्ठ रचना कोणती, या प्रश्नाचे एक अत्यंत ठाम उत्तर १८१८ साली एका जाहिरातीत छापले गेले. झुरिकमधील संगीतप्रकाशक हान्स गेओर्ग नेगेली याने योहान सेबास्टियन बाखच्या बी मायनर मिस्सेची छापील आवृत्ती काढण्याचा संकल्प त्या वर्षी जाहीर केला, आगाऊ वर्गणी भरणाऱ्या ग्राहकांना आवाहन केले आणि ही रचना सर्व काळांतील व सर्व राष्ट्रांतील सर्वश्रेष्ठ संगीतकृती आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. बाखच्या मृत्यूला तेव्हा ६८ वर्षे झाली होती. या रचनेचे मूळ हस्तलिखित १८०५ पासून नेगेलीच्या संग्रही असले, तरी ती आरंभापासून अखेरपर्यंत लोकांसमोर सलग गायली गेल्याची एकही नोंद तोवर नव्हती. खुद्द बाखने ती सलग ऐकल्याचाही पुरावा मिळत नाही. ज्याने पहिला क्रमांक दिला त्याने ती रचना फक्त वाचली होती, आणि केवळ वाचनावर उभा राहिलेला हा निवाडा पुढच्या दोनशे वर्षांत खोटा ठरलेला नाही. श्रेष्ठ रचनांच्या क्रमवारीविषयी जे काही गंभीरपणे म्हणता येईल, त्याची सुरुवात या घटनेपासून करणे योग्य ठरेल.

मिस्सा हा कॅथलिक पंथाचा मुख्य उपासनाविधी असून संगीताच्या संदर्भात त्या शब्दाने विधीतील पाच कायमच्या पाठांना दिलेल्या स्वररचनेचा निर्देश होतो. क्येरी म्हणजे दयेची याचना, ग्लोरिया म्हणजे स्तुती, क्रेडो म्हणजे श्रद्धेचा उच्चार, सांक्तुस म्हणजे पावित्र्याचा जयघोष आणि आग्नुस देई म्हणजे ख्रिस्ताला यज्ञातील कोकरू मानून केलेली प्रार्थना, असे हे पाठ असून त्यांपैकी क्येरीचे शब्द ग्रीक व बाकीचे लॅटिन आहेत. गोव्यातील व वसईतील चर्चांमध्ये हेच शब्द शतकानुशतके गायले जात होते आणि १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट मोकळी करून दिल्यानंतरच तेथे कोकणी व मराठी मिस्सा रूढ झाली. त्यामुळे तिथल्या जुन्या पिढीतील अनेकांना बाखचे स्वर ठाऊक नसले, तरी त्या स्वरांखालचे शब्द तोंडपाठ होते.

बाख मात्र कॅथलिक नव्हता. लाइपझिगमधील प्रॉटेस्टंट चर्चांच्या संगीताची जबाबदारी सांभाळणाऱ्या या संगीतकाराने १७३३ साली ड्रेस्डेनच्या नव्या राज्यकर्त्याला, जो स्वतः कॅथलिक पंथ स्वीकारलेला होता, क्येरी व ग्लोरिया हे दोन भाग अर्पण केले आणि सोबत दरबारी किताबासाठी विनंतीपत्र जोडले. तो किताब त्याला १७३६ साली मिळाला. सांक्तुस तर त्याआधीच, १७२४ च्या नाताळासाठी, लिहून झालेला होता. पुढे आयुष्याच्या अखेरीस, १७४८–४९ च्या सुमारास, दृष्टी अधू झालेली आणि हस्ताक्षर थरथरू लागलेले असताना, त्याने उरलेले पाठ पूर्ण करून सगळ्यांची एकत्र जुळणी केली. या जुळणीत नव्याने रचलेले थोडे आणि आपल्याच जुन्या रचनांतून निवडून, त्यांवर पुन्हा संस्कार करून घेतलेले पुष्कळ आहे. सुमारे दोन तास चालणारी ही मिस्सा कोणत्याही नेहमीच्या उपासनेत बसणारी नव्हती. तिची मागणी कोणी केली होती, हे निश्चितपणे सांगता येत नाही. आपल्या कलेत जे जे साधले ते एके ठिकाणी ठेवावे, एवढाच हेतू त्यामागे असावा असे मानणारे अभ्यासक अनेक आहेत, आणि रचनेकडे पाहता ते मत पटण्यासारखे आहे.

केवळ हस्तलिखित वाचून नेगेलीची एवढी खात्री कशाने पटली असेल, हे क्रेडोमधील ‘क्रुसिफिक्सुस’ या एका भागावरून समजू शकते. ख्रिस्ताला क्रुसावर चढवल्याचे सांगणाऱ्या या भागात सर्वांत खालच्या वाद्यांकडे चार मात्राखंडांची एक छोटी स्वरपंक्ती दिलेली आहे, आणि तबल्याच्या एकल वादनात लेहरा फिरत राहावा तशी ती न थांबता फिरत राहते. मूळ षड्जापासून निघून शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत असे अर्ध्याअर्ध्या स्वराने उतरत ती पंचमावर येते आणि पुन्हा षड्ज गाठते. युरोपीय संगीतात ही उतरण शोकाची खूण म्हणून फार पूर्वीपासून वापरात होती. बाखने हे संगीत १७१४ मध्ये एका कँटाटासाठी, म्हणजे उपासनेत गायच्या बहुखंडी गीतरचनेसाठी, लिहिले होते; तेथे ही पंक्ती बारा वेळा येते, तर मिस्सेत ती तेरा वेळा येते. पहिले आवर्तन केवळ वाद्यांचे असून पुढच्या अकरा आवर्तनांत गायकांचे चार आवाज या एकाच वाटेवर दर वेळी वेगळे दुःख मांडतात, बासऱ्या आणि तंतुवाद्ये त्यांच्यामध्ये आळीपाळीने उसासे टाकावेत तशी वाजतात, आणि तेराव्या आवर्तनात ती वरची वाद्ये गप्प होऊन आवाज खालच्या पट्टीत उतरत जातात. ख्रिस्ताला थडग्यात ठेवल्याचे शब्द तेथे आहेत. नेमक्या त्या शेवटच्या क्षणी खालची पंक्ती आपली ठरलेली वाट सोडते आणि रचना मूळ षड्जावर न विसावता त्याच्या कोमल गंधारालाच नवा षड्ज मानून, म्हणजे शोकाच्या ठाटातून प्रसन्न ठाटात शिरून, अगदी हलक्या आवाजात थांबते. पाठोपाठ ‘एत रेसुरेक्सित’, म्हणजे पुनरुत्थानाचा भाग, कर्णे, नगारे आणि सर्व आवाज एकदम घेऊन सुरू होतो. पुनरुत्थानाचा उद्घोष होण्याच्या आधीच, थडगे बंद होत असतानाच, त्याची चाहूल एका स्वरसंक्रमणातून देण्याची ही योजना कागदावर वाचणाऱ्यालाही स्पष्ट दिसते. बीथोवनने १८१० साली लाइपझिगच्या प्रकाशकांकडे या मिस्सेची प्रत मागितली, तेव्हा त्याच्या पत्रात याच फिरत्या पंक्तीचा उल्लेख होता.

नेगेलीच्या आवाहनाला पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. सर्वश्रेष्ठ म्हणून घोषित झालेल्या रचनेचा पूर्वार्ध १८३३ साली कसाबसा छापून झाला, १८३६ साली नेगेली वारला आणि उत्तरार्ध निघायला १८४५ साल उजाडले. तोवर ही रचना अंशाअंशाने लोकांपर्यंत पोहोचत होती. बाखचा मुलगा कार्ल फिलिप एमानुएल याने १७८६ मध्ये हाम्बुर्गमध्ये क्रेडोचे गायन घडवले होते. हायडनच्या संग्रहात तिची एक प्रत होती. बर्लिनच्या झिंगआकाडेमी या गायनसंस्थेत कार्ल फ्रिडरिख त्सेल्टर १८११ पासून आपल्या गायकांकडून तिचे भाग बसवून घेत होता. त्याच संस्थेत ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सनने बाखची दुसरी महारचना, सेंट मॅथ्यू पॅशन, काटछाट करून का होईना, लोकांसमोर आणली, आणि बाखकडे पाहण्याची जर्मन श्रोत्यांची दृष्टी त्या संध्याकाळनंतर पालटली. मिस्सेचे संपूर्ण जाहीर गायन झाल्याची नोंद मात्र थेट १८५९ सालची, लाइपझिगमध्ये कार्ल रीडेलच्या गायनसंस्थेने केलेल्या प्रयोगाची आहे. जाहिरातीतील दाव्यानंतर एकेचाळीस वर्षांनी दाव्याची पारख करण्याची संधी श्रोत्यांना मिळाली, आणि ती मिळावी म्हणून मधल्या काळात नकला उतरवणाऱ्या, तालमी घेणाऱ्या, व्यवसायाने गायक नसलेल्या असंख्य नागरिकांनी जे कष्ट उपसले, त्यांची नावे कोणत्याही क्रमवारीत येत नाहीत.

हिंदुस्थानी संगीताच्या रसिकाला कृतींची अशी उतरंड लावण्याची ओढ मुळात परकी वाटेल, आणि त्याला सबळ कारण आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांतील बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीत छापल्या व एक मोठा ठेवा वाचवला. पण यमनची छापील बंदिश म्हणजे यमनची मैफल नव्हे, कारण गायक ज्या बढतीने, ज्या उपजेने राग उभा करतो ती पुस्तकाबाहेर राहते. म्हणून येथे तुलना होते ती गायकांची, फार तर एखाद्या मैफलीची. कृती कागदावर पूर्णपणे ठरलेली असते, ती कर्त्यापासून वेगळी होऊन पिढ्यानपिढ्या तशीच पुढे जाते, अशी धारणा असेल तेथेच कृतींना क्रमांक देता येतात, आणि ती धारणा युरोपातही एकोणिसाव्या शतकातच पक्की झाली. त्याआधी बहुतेक संगीत त्या त्या प्रसंगासाठी लिहिले जाई आणि प्रसंग सरला की बाजूला पडे.

आजच्या क्रमवाऱ्या निराळ्या पद्धतीने तयार होतात. बीबीसी म्युझिक मॅगझिनने २०१६ साली १५१ वाद्यवृंदसंचालकांचा कौल घेऊन श्रेष्ठ सिंफनींची यादी केली, तीत बीथोवनची ‘एरोइका’ पहिली, त्याचीच नववी सिंफनी दुसरी आणि मोझार्टची एकेचाळिसावी तिसरी आली. तिन्ही रचना व्हिएन्ना व तिच्या परिसरात १७८८ ते १८२४ या अवघ्या छत्तीस वर्षांत जन्मलेल्या आहेत, आणि आजचे वाद्यवृंद घडले तेच मुख्यतः या रचना आणि त्यांच्या वंशातील रचना वाजवण्यासाठी. ज्या संचालकाने ‘एरोइका’ अनेकदा वाजवून घेतली, प्रत्येक वेळी तीत नवे काही पाहिले, त्याने तिला मत देणे स्वाभाविक आहे, आणि तिचा मान तिला शोभणाराच आहे. ब्रिटनमधील क्लासिक एफएम ही नभोवाणी १९९६ पासून श्रोत्यांची मते घेते. तेथे पहिली पाच वर्षे ब्रुखचा पहिला व्हायोलिन कॉन्चेर्टो अग्रस्थानी होता आणि नंतर ती जागा राखमानिनॉव्हच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोने घेतली. कॉन्चेर्टो म्हणजे एक प्रमुख वादक आणि वाद्यवृंद यांच्या संवादातून उलगडणारी रचना.

या दोन्ही याद्यांचा दोष त्यांतील निवडीत शोधणे अन्यायाचे होईल, कारण निवडलेल्या रचना खरोखर मोठ्या आहेत. दोष असा, की ज्या रचना आधीच वारंवार कानांवर पडतात त्यांचीच मोजदाद तेथे होते आणि मोजदादीमुळे त्या आणखी वारंवार कानांवर पडतात. मतदाराने न ऐकलेल्या रचनेला या पद्धतीत एकही मत मिळू शकत नाही. नेगेलीने अगदी उलट केले होते: लोकप्रियतेचा कोणताही आधार नसताना, स्वतःचे पैसे व नाव पणाला लावून, त्याने एका अबोल हस्तलिखिताला सर्वांच्या पुढे बसवले. क्रमवारीचे समर्थन करायचे झाल्यास ते याच प्रकारच्या क्रमवारीचे करावे लागेल. एखादी रचना श्रेष्ठ आहे असे म्हणणे हा तिच्या वतीने केलेला दावा असतो, आणि तो सिद्ध करण्याचा भार गाणाऱ्यांवर व ऐकणाऱ्यांवर पडतो.

शिवाय ज्या कृतीला क्रमांक द्यायचा ती वाटते तितकी स्थिर नसते. मिस्सेच्या मूळ हस्तलिखितावर, जे आता बर्लिनच्या शासकीय ग्रंथालयात आहे, कार्ल फिलिप एमानुएलने आपल्या प्रयोगासाठी दुरुस्त्या केल्या. पित्याची अक्षरे कोणती आणि पुत्राची कोणती, हे ठरवण्यासाठी अलीकडच्या संशोधकांना क्ष-किरणांच्या साहाय्याने शाईचे घटक तपासावे लागले. गायकांच्या संख्येविषयी तर मूलभूत मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकातील मोठ्या गायनसंस्थांनी ही मिस्सा प्रचंड समूहाने गायली, तर १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन अभ्यासक जोशुआ रिफकिन याने वृंदगानातील प्रत्येक आवाजपट्टीसाठी एकच गायक योजून ती सादर केली आणि बाखलाही तेच अभिप्रेत असल्याचे प्रतिपादन केले. त्यावर कडाक्याचा वाद झाला आणि तो मिटलेला नाही. पण एकेका आवाजात ‘क्रुसिफिक्सुस’ ऐकताना शेवटचे स्वरसंक्रमण जितके उघडे व हळवे होते, तितके ते शेकडो गायकांच्या समूहात होत नाही, आणि उलट सांक्तुसमधील जयघोषाला जो विस्तार समूह देतो तो मोजक्या गायकांना साधत नाही. दोन्ही प्रयोग पाहिल्यावर रचनेचे स्थान तेच राहते. तिचे स्वरूप मात्र बदललेले असते.

नेगेलीच्या पद्धतीने आज दावा करायचा झाल्यास यान डिस्मास झेलेंका याच्या अखेरच्या मिस्सांचा करावा लागेल. १६७९ साली बोहेमियात जन्मलेला हा संगीतकार ड्रेस्डेनच्या दरबारात व्हायोलोने, म्हणजे सर्वांत खालच्या पट्टीचे मोठे तंतुवाद्य, वाजवत असे आणि तेथील कॅथलिक चर्चसाठी लिहीत असे. बाखने १७३३ साली ज्या राज्यकर्त्याकडे अर्ज केला, त्याच्याकडेच झेलेंकानेही दरबारी संगीतप्रमुखाचे पद मागितले होते. ते पद हासे या ऑपेराकाराला मिळाले. बाखला झेलेंकाविषयी आदर होता, हे त्याच्या मुलाने पुढे नोंदवून ठेवले आहे. १७४५ साली वारण्यापूर्वी झेलेंकाने सहा मिस्सांची एक माला योजली होती. तीन पूर्ण झाल्या, आणि त्यांतील १७४१ सालच्या ‘मिस्सा ओम्नियुम सांक्तोरुम’मध्ये लयीचे आडवे झोल, अनपेक्षित स्वरवळणे आणि एकापाठोपाठ एक आवाज तीच पंक्ती उचलत जाणारी गुंफण, जिला फ्यूग म्हणतात, यांची अशी काही जोड आहे की तिची तुलना बाखशीच करावी लागते. ड्रेस्डेनच्या संग्रहात पडून राहिलेल्या या रचना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारशा कोणाच्या कानी पडल्या नव्हत्या. आता त्यांच्या उत्तम ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. बी मायनर मिस्सेच्या शेजारी, निदान तिच्या पाठोपाठ, ‘मिस्सा ओम्नियुम सांक्तोरुम’ची जागा आहे.