बाळंतिणीच्या मनाचीही विचारपूस हवी

बुऱ्हाणपूरच्या मातीत एका बाळंतपणाची दुःखद आठवण आहे. शाहजहान बादशहाची बेगम मुमताज महल हिने जून १६३१ मध्ये याच शहरात चौदाव्या अपत्याला जन्म देऊन प्राण सोडला. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी पुरले व काही महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला. बेगमेची ही गत, मग गरिबाघरच्या बायकांचे काय होत असेल! आज दवाखान्यात बाळंतपणे होतात, रक्त तपासले जाते, लोहाच्या गोळ्या मिळतात. बाळंतिणीचे शरीर जपायला आपण पुष्कळ शिकलो आहोत. तिचे मन जपायला मात्र अजून शिकलेलो नाही, आणि त्याविषयीच आज आम्हांला लिहायचे आहे.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, हे सारे चांगलेच आहे. पण बघायला येणारा प्रत्येक जण बाळाचे वजन विचारतो, बाळ कोणावर गेले ते पाहतो. "बाई, तुला कसे वाटते?" असे विचारणारा विरळा. स्नानसंस्काराच्या दिवशी देवळातही हेच चालते.

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ बायकांना होते व विश्रांतीने, मायेने ते आपोआप जाते. परंतु दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, बाळ झोपले तरी आईला झोप लागत नसेल, जेवणावर वासना नसेल, बाळाविषयी काहीच वाटत नसेल, "मी आई व्हायच्या लायकीची नाही" असे ती म्हणत असेल, तर तो आजार समजावा. तो गरोदरपणातही सुरू होतो. तिसरा प्रकार क्वचित, हजारात एक-दोन बाळंतिणींना होतो. बाई असंबद्ध बोलते, तिला भास होतात, ती रात्र रात्र जागते. अशा वेळी भगताकडे न जाता त्याच दिवशी तिला मोठ्या दवाखान्यात न्यावे, आणि तिला व बाळाला क्षणभरही एकटे सोडू नये.

हे शहरातल्या सुखवस्तू बायकांचे दुखणे आहे, असे कोणी समजू नये. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांची पाहणी केली आणि ती २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासले तेव्हा शंभरातल्या तेवीस मातांना हा आजार होता. त्यांपैकी बहुतेकींचे मन गरोदरपणातच खचलेले होते, आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणे कोणती निघाली? गरिबी, नवऱ्याशी न पटणे आणि मुलगी जन्मणे. पुढल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असेही दिसले की अशा मातांच्या बाळांची वाढही खुंटते.

मुलगी झाली म्हणून सासरी तोंडे वाकडी होतात, मूल होत नाही म्हणून बाईला वांझ म्हणतात (दोष पुरुषातही असू शकतो, पण तपासणीला तो जात नाही), मूल पोटातच गेले तर "दुसरे होईल" म्हणून तिचे रडणे थांबवतात. या जखमा आपणच करतो, म्हणून त्या भरून काढण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

कोणी म्हणेल, "आमच्या आजीने आठ मुले वाढवली, तिला कुठे असले काही झाले?" झाले असेलही, पण तेव्हा त्याला बाधा म्हणत किंवा नखरे म्हणत. केळीला घड धरला की झाड वाकण्याआधीच आपण बांबूचा टेकू देतो. झाडाला कोणी नावे ठेवीत नाही. आणखी कोणी म्हणेल, श्रद्धा कमी पडते म्हणून असे होते. हे आम्हांला मुळीच मान्य नाही. मलेरिया झाला तर आपण प्रार्थनाही करतो आणि गोळीही घेतो. येथेही तसेच करावे.

या आजारावर उपाय आहे, आणि तो बराचसा बोलण्याचा आहे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत गावच्याच आरोग्यसेविकांना शिकवून त्यांनी घरोघरी मातांशी ठरावीक पद्धतीने बोलावे, अशी योजना झाली. निराशेचा विचार ओळखणे, त्या जागी दुसरा विचार ठेवून पाहणे, रोज एखादे लहानसे काम ठरवून करणे, घरच्यांना मदतीला घेणे, असे ते बोलणे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सहा महिन्यांनी अशा मातांपैकी शंभरी २३ जणी आजारी राहिल्या. ज्यांना असे शिक्षण न मिळालेल्या सेविका नुसत्या भेटत होत्या, त्यांच्यात ५३. पुढे गोव्यात 'संगाथ' संस्थेने वस्तीतल्याच लेकुरवाळ्या बायकांना शिकवून 'सखी' नेमल्या. तेथे फरक लहान दिसला, पण बऱ्या होणाऱ्या बायका वाढल्या.

म्हणून आमचे म्हणणे असे. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्या बाळाचे वजन घेतात, तेव्हा आईच्या मनाचीही चौकशी झाली पाहिजे, व तसे शिक्षण त्यांना शासनाने दिले पाहिजे. आपल्या धर्मग्रामातील महिला मंडळानेही अशा दोन-तीन सखी तयार कराव्यात. पुरुषांनी रात्री एकदा तरी बाळ सांभाळून बायकोला सलग झोपू द्यावे. फवारणीचे विष कुलपात ठेवावे आणि किल्ली आपल्यापाशी ठेवावी. मन खचलेल्या माणसाच्या घरी ते उघड्यावर असणे फार धोक्याचे. बोलण्याने भागत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधे आहेत. ती आपल्या मनाने बंद करू नयेत. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो.

पवित्र मरिया गरोदर एलिझाबेथच्या घरी गेली आणि सुमारे तीन महिने राहिली. आपल्याला तीन महिने जमणार नाहीत. पण यापुढे बाळ पाहायला जाल तेव्हा आधी आईजवळ घटकाभर बसा, तिची विचारपूस करा, आणि ती बोलू लागली तर मध्ये उपदेश न करता ऐकून घ्या.