मोजलेले आणि वाचलेले



जालन्यात बियाण्यांचा व्यापार मोठा आहे. जुन्या जालन्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या भाषेच्या प्राध्यापकालाही त्यामुळे एक गोष्ट ठाऊक झाली आहे. शेतकरी पिशवीचे वजन पाहतो, पण त्याचा खरा प्रश्न उगवणशक्तीचा असतो. शंभर दाण्यांपैकी किती उगवले, हीदेखील एक संख्याच. मात्र ती मिळवण्यासाठी कोणीतरी दाणे ओलाव्यात ठेवून काही दिवस वाट पाहिलेली असते. संशोधनाचे मूल्यमापन करताना आपण ही वाट पाहणेच सोडून दिले आहे आणि त्याची किंमत मराठीतील संशोधनाला अधिक मोजावी लागते, असे माझे मत आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या संशोधनाला गुण देण्याची पद्धत आणली. पुढे २०१८ च्या नियमावलीने त्या गुणांचा तक्ता बदलला. त्यानुसार भाषाविषयांत मान्य नियतकालिकातील एका लेखाला १० गुण, राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथालाही १० आणि संपूर्ण ग्रंथाच्या अनुवादाला ८ गुण मिळतात. आठ पानांचा लेख आणि आठ वर्षे खपून लिहिलेला ग्रंथ एकाच पारड्यात! लेखाचे लेखक दोन असतील, तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. आता दोन मित्रांनी एकेक लेख स्वतंत्रपणे लिहिला, तर प्रत्येकाचे गुण १०. दोघांनी एकमेकांच्या लेखावर नाव घातले, तर प्रत्येकाचे १४. ज्ञानात काहीही भर न पडता गुण मात्र चारने वाढले. नियम मोडला नाही. नियमाचा हिशेब तेवढा केला.

अशा हिशेबातूनच पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची बाजारपेठ उभी राहिली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची चिकित्सा करून २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे ‘केअर’ नावाची नवी यादी आली; २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. याद्या बदलत गेल्या; लेख वाचून पाहण्याचा प्रश्न तसाच राहिला.

जगभर वापरला जाणारा ‘एच-निर्देशांक’ घ्या. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी तो २००५ मध्ये सुचवला. एखाद्याच्या दहा लेखांचा प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेख झाला असेल, तर त्याचा निर्देशांक दहा. या मापाने मोरो केशव दामले यांच्याकडे पाहा. त्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी व्याकरणाचा गंभीर विचार करणाऱ्याला आजही ते टाळता येत नाही. परंतु केवळ त्या एका ग्रंथावर मोजले, तर त्याचा उल्लेख हजार वेळा झाला असला तरी दामल्यांचा निर्देशांक एकच भरेल. शिवाय उल्लेख मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय सूचींत मराठी नियतकालिके अगदी थोडी. तेथे न मोजलेला उल्लेख झालाच नाही, असे धरले जाते.

यावर तुम्ही एक रास्त आक्षेप घ्याल. आकडे येण्यापूर्वी काय होते? ओळख, वशिला, आडनाव. खेड्यातून आलेल्या, घरातून पहिल्यांदाच शिकलेल्या उमेदवाराला आपले काम दाखवण्याचा आकडा हाच एक आधार होता. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच आकडे फेकून द्यावेत, असे मी म्हणत नाही. प्राथमिक छाननीला ते हवेतच. अंतिम निवाडा मात्र त्यांच्यावर सोपवू नये.

हे सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे, हेही सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका निवड समितीत होतो. एका उमेदवाराने आपल्या भागातील दखनी आणि मराठी यांच्या देवघेवीवर एकच दीर्घ लेख लिहिला होता. दखनीतील ‘नक्को’ आणि जोर देणारा ‘च’ मराठीतून आले, हे अभ्यासकांना माहीत आहे. पण हा ‘च’ कोणत्या वाक्यांत येतो आणि कोणत्या वाक्यांत येत नाही, याचा शोध त्या लेखात घरोघरी हिंडून घेतला होता. दुसऱ्या उमेदवाराच्या लेखांची थप्पी होती. आम्ही गुणांची बेरीज केली, सह्या केल्या आणि उठलो. तो दीर्घ लेख मी वाचला तो नंतर. आज तो मी वर्गात शिकवतो. तो लिहिणारा मात्र अध्यापनातून बाहेर पडला आहे. बेरीज अचूक होती, निर्णय चुकला होता, आणि त्यावर माझी सही आहे.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक उमेदवाराने आपली सर्वोत्तम तीन कामे द्यावीत. समितीने ती आधी वाचावीत आणि निवडीची कारणे लेखी नोंदवावीत. लेखी कारण तपासता येते. त्यामुळे वशिल्यालाही चाप बसतो. यात वेळ जाईल, हे खरे. पण एका नेमणुकीचा परिणाम तीस वर्षे विद्यार्थ्यांवर होतो.

तुम्हीही याची सुरुवात करू शकता. प्रकल्पासाठी एखादा लेख हाती घ्याल, तेव्हा तो कोठे छापला गेला हे अवश्य पाहा. पण तेथे थांबू नका. त्याने कोणता नवा पुरावा दिला आणि तो तुम्हाला पटला का, हे पाच ओळींत लिहून पाहा. त्या पाच ओळी लिहिता आल्या नाहीत, तर लेख पुन्हा वाचा.