तपस्या आणि भूल

पर्युषणाच्या दिवसांत जुन्नर, मंचर, घोडेगावच्या पेठांतील घराघरांत तपस्या चालते. याच सुमारास एखाद्याची शस्त्रक्रिया ठरल्यास उपवासाची नोंद भूलतज्ज्ञाकडे अवश्य व्हावी. ६० किलो वजनाच्या प्रौढाच्या देहात सुमारे ४ लिटर रक्त असते. पाणी आटले की हे खेळते भांडवल घटते. रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब कसाबसा राखतात. भूल चढताच त्या सैलावतात आणि दाब एकाएकी कोसळू शकतो. अन्न साधारणतः ६ तास, साधे पाणी २ तास आधी थांबवितात. परंतु चौविहार पाळणाऱ्यास सकाळी १० च्या शस्त्रक्रियेपर्यंत सुमारे १५ तास निर्जळ जातात. नवकारशीनंतर पाणी चालेल काय, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. तपस्या जगापासून लपवावी; भूलतज्ज्ञापासून नव्हे.