पक्षाचे नाव आणि हरकतीची मुदत

राजकीय पक्षाच्या नोंदणीचा अर्ज सिद्ध करणे हे आपल्या व्यवसायात किरकोळ दप्तरी काम समजले जाते, आणि प्रस्तावित पक्षाची सूचना दोन राष्ट्रीय व दोन स्थानिक दैनिकांत दोन दिवस प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी जी तीस दिवसांची मुदत मिळते, तिच्याकडे प्रस्थापित पक्षांचे विधी-सल्लागार जितके लक्ष द्यावे तितके देत नाहीत. या उपेक्षेचे मोल शेवटी मतदाराला मोजावे लागते, अशी आमची दृढ धारणा आहे.

ब्रिटनमध्ये 1994 साली युरोपीय संसदेच्या निवडणुकीत डेव्हन व ईस्ट प्लिमथ मतदारसंघात एका उमेदवाराने स्वतःला 'लिटरल डेमोक्रॅट' म्हणवून 10,203 मते मिळविली आणि 'लिबरल डेमोक्रॅट' पक्षाचा उमेदवार अवघ्या 700 मतांनी पडला. उमेदवाराला सहा शब्दांपर्यंत आपले वर्णन देण्याची मुभा होती, त्या वर्णनाने दिशाभूल होऊ नये असा निर्बंध मात्र कोठेही नव्हता. सबब निवडणूक-अर्ज फेटाळला गेला. पुढे 1998 च्या कायद्याने पक्षनोंदणी आणली, आणि ज्या नावामुळे मतदारांना पूर्वी नोंदलेल्या पक्षाचा भास होण्याचा संभव असेल ते नाकारावे, असे त्यात स्पष्ट लिहिले. अर्जदाराचा हेतू शुद्ध की अशुद्ध, हा प्रश्न त्या कसोटीत उद्भवतच नाही, आणि हेच तिचे मर्म आहे.

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 29क मध्ये राज्यघटनेवरील निष्ठेची अट आहे. नावाच्या सादृश्याविषयी ते कलम मौन पाळते आणि सारा भार आयोगाच्या विवेकावर पडतो. पक्ष फुटला की 1968 च्या चिन्हविषयक आदेशाचा आधार घ्यावा लागतो. ऑक्टोबर 2022 मध्ये आयोगाने 'शिवसेना' हे नाव व धनुष्यबाण गोठवून दोन्ही गटांना निराळी नावे दिली, तरी मूळ नाव दोहोंत राहिलेच. नावाइतकाच चिन्हाचाही प्रश्न आहे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हाचा उमेदवार 32,771 मतांनी पराभूत झाला, आणि तेथेच, मराठी यादीत जिचे नावही तुतारीच होते अशी पिपाणी घेऊन उभ्या असलेल्या अपक्षाला 37,062 मते पडली. त्यांतील चुकून पडलेली किती, हे कोणीही सांगू शकणार नाही.

सादृश्य पारखण्याची रीत आपल्याला अपरिचित नाही. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधनामांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली, सामान्य बुद्धीचा व अपुऱ्या स्मरणाचा ग्राहक फसेल काय, हाच प्रश्न विचारला होता. कचेरीत दोन नावे शेजारी ठेवून निरखणाऱ्या अधिकाऱ्याला जी तफावत ठळक दिसते, ती मतदानयंत्रापुढे क्षणभर उभ्या राहणाऱ्या मतदाराला दिसेलच असे नाही. आणि औषध घेणाऱ्याला पुन्हा दुकानात जाता येते, मतदाराला ती सोय नाही. मग औषधाच्या बाटलीला जे संरक्षण लाभते, ते मतपत्रिकेला का लाभू नये? 'जनता', 'लोक', 'समाजवादी' हे शब्द कोणाची मिरासदारी नव्हेत, नव्या पक्षाची वाट त्यांच्या नावाखाली अडवणे हाही अन्यायच, आणि फुटून निघालेल्या गटाचा वारशावरचा दावा सर्वस्वी पोकळ नसतो, हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच कसोटी नावाच्या विशिष्ट अंशाला लावावी, ती मतदाराच्या भाषेत व लिपीत लावावी, आणि तिला कलम 29क मध्येच स्थान मिळावे, असा आमचा आग्रह आहे.

तोवर जे करावयाचे ते हरकतीच्या मुदतीतच केले पाहिजे. निकालानंतर कलम 100 खाली दाद मागणाऱ्याला निकालावर वास्तविक परिणाम झाल्याचे बहुधा सिद्ध करावे लागते, आणि कलम 94 प्रमाणे कोणत्याही साक्षीदाराला आपण मत कोणास दिले हे सांगण्यास भाग पाडता येत नाही. अशा स्थितीत गोंधळलेल्या मतदाराचा पुरावा न्यायालयापुढे कसा आणावा, याचे उत्तर अद्याप कोणत्याही वकिलापाशी नाही.