सौजन्याचा खर्च कोणाच्या नावे?

दिंडोरी तालुक्यातील द्राक्षांचा निर्यात हंगाम जानेवारीत जोर धरतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. मोहाडी, जानोरी, खेडगाव या भागांतील माल थंड कंटेनरांत भरून न्हावा-शेवा बंदरातून हॉलंड, जर्मनी, इंग्लंडकडे रवाना होतो. मालाच्या मागून पत्रव्यवहार येतो, आणि तो इंग्रजीत असतो. हा पत्रव्यवहार सांभाळणारी पॅकहाउसमधील तरुण मंडळी बहुधा आसपासच्या गावांतीलच, मराठी शाळांत शिकलेली असतात. त्यांचे व्याकरण पक्के असते. अडते ते दुसरीकडेच.

इंग्रज खरेदीदार लिहितो, 'आलेल्या मालाच्या दर्जाबद्दल आम्हांस किंचित चिंता वाटते.' वाचणाऱ्याला 'किंचित' या शब्दाने धीर येतो. पत्राचा खरा अर्थ मात्र असा असतो : मणी मऊ पडले आहेत, माल पसंत नाही, पैसे कापले जातील. त्याच मालाबद्दल डच व्यापारी एका ओळीत सांगून मोकळा होईल की घड खराब आहेत, इतकी रक्कम कमी धरा. दिंडोरीच्या मुलाला डच उद्धट वाटतो आणि इंग्रज सज्जन. पण उत्तर द्यायला, फोटो मागायला, तपासणीचा आग्रह धरायला जे दोन-तीन दिवस हाताशी असतात, ते या सज्जनपणाच्या भरवशावर निघून जातात. माल तीन-चार आठवडे समुद्रावर काढून तिकडे पोचलेला असतो. तो परत आणणे शक्य नसते, आणि कापलेली रक्कम अखेर बागाईतदाराच्या पट्टीत उतरते.

2010 साली क्लोरमेक्वॅट क्लोराइड या रसायनाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक सापडले म्हणून भारतीय द्राक्षे युरोपात अडली. नाशिक जिल्ह्याने तो तडाखा सोसला. परंतु त्या वेळी अर्थ लावण्याचा प्रश्नच नव्हता, कारण प्रयोगशाळा आकड्यात बोलत होती. जेथे आकडा नसतो आणि 'दर्जा' नावाच्या सैल शब्दावर व्यवहार चालतो, तेथे या गोड भाषेला वाव मिळतो.

इंग्रजी अशी का झाली? मराठीत 'तू', 'तुम्ही', 'आपण' अशा पायऱ्या आहेत. कोणाला कोणत्या पायरीवर उभे करायचे ते सर्वनामच सांगते. इंग्रजीतील जुने एकवचनी 'दाऊ' काही बोली आणि प्रार्थना सोडल्या तर व्यवहारातून गेले आणि राजालाही 'यू', गड्यालाही 'यू' झाले. याला समतेची खूण म्हणायला हरकत नव्हती. पण समाजातील उतरंड सर्वनामातून हाकलली की ती क्रियापदात जाऊन बसते. 'कुड यू', 'वुड यू माइंड', 'आय वंडर इफ यू माइट' ही सगळी तिची नवी बिऱ्हाडे होत. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स आणि त्याचे क्वेकर सहकारी न्यायाधीशालाही 'दाऊ'च म्हणत, त्याच्यापुढे टोपी काढत नसत, आणि त्यापायी त्यांनी मार व तुरुंगवास सोसला. बोलण्याच्या रीतीत राजकारण असते हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

ही भाषा एकाच मातृभाषेच्या माणसांनाही कशी फसवते याचा दाखला युद्धाच्या इतिहासात आहे. एप्रिल 1951 मध्ये कोरियात इमजिन नदीवर ब्रिटिशांची ग्लॉस्टर पलटण चिनी फौजेच्या वेढ्यात सापडली. ब्रिगेडियर ब्रोडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना परिस्थिती 'जरा अवघड' असल्याचे कळवले. इंग्रजाच्या तोंडी याचा अर्थ सर्वनाश ओढवला आहे असा होतो. अमेरिकनाने तो शब्दशः घेतला आणि वेळीच माघारीची परवानगी दिली नाही, असे सांगितले जाते. त्या पलटणीतील बहुतेक जवान मारले गेले किंवा कैद झाले. बोलणारे आणि ऐकणारे दोघेही इंग्रजीचेच होते!

मग दिंडोरीच्या मुलाचे काय, असे कोणी हळहळून विचारील. हळहळीचे कारण नाही. आडपडद्याची भाषा त्याला जन्मापासून येते. घरून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणारा हा समाज. फुटलेल्या बांगडीला 'वाढवली' म्हणणारा. कचेरीत 'अर्ज ठेवून जा, बघू' असे उत्तर मिळाले की निरक्षर म्हातारीलाही त्याचा अर्थ कळतो. सावकाराचे 'बघू' वेगळे, सोयऱ्याचे 'बघू' वेगळे, हेही तिला कळते. ज्याला 'बघू' कळते त्याला 'वुई शॅल सी' कळायला अडचण कसली? अडचण एवढीच की इंग्रजीतही 'बघू' असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. शाळा 'प्लीज' आणि 'थँक्यू' म्हणायला शिकवते; समोरचा 'प्लीज' म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय हवे असते, हे शिकवत नाही. शहरातील सुखवस्तू घरांत ते जेवणाच्या टेबलावर आपोआप मिळते. हे फुकट मिळालेले भांडवल आहे, आणि इतर भांडवलाप्रमाणेच ते वारसाहक्काने चालते.

डॉ. लोहियांनी 1957 पासून 'अंग्रेजी हटाओ'ची हाक दिली ती इंग्रजी शब्दांवरील रागामुळे नव्हे. 'मॅनकाइंड' हे इंग्रजी मासिक ते स्वतःच चालवीत होते. मूठभरांच्या हाती राहिलेली भाषा बहुसंख्यांना कारभारातून बाहेर ठेवते, हा त्यांचा मुद्दा होता. आज बागाईतदाराच्या दारात इंग्रजी आलेलीच आहे. तेव्हा पॅकहाउसमधील मुलांना हे संकेत उलगडून दाखविणारे वर्ग कार्यकर्त्यांनी चालवावेत, आणि करारातच लिहून घ्यावे की तक्रार केली तर ती किती पेट्या, किती टक्के आणि किती रक्कम अशी आकड्यांतच करावी लागेल. 'किंचित' हा शब्द करारात बसत नाही.

सरकारी मराठीने साहेबाकडून हीच लकब उचलली आहे. 'मागणीचा सहानुभूतिपूर्वक विचार करण्यात येईल.' या वाक्यात कर्ता नाही. विचार कोण करणार, केव्हा करणार, याचा पत्ता नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांची वाट पाहणाऱ्या आदिवासींनी अशी वाक्ये वर्षानुवर्षे ऐकली. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत जाऊन त्यांनी लेखी आश्वासने मिळवली. मार्च 2023 मध्ये त्यांचा मोर्चा पुन्हा निघाला, तो दिंडोरीहूनच. ठाणे जिल्ह्यात वाशिंदला तो थांबला. मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात निवेदन केले, तरी मोर्चेकऱ्यांनी लगेच तळ हलवला नाही. निवेदन ऐकून झाले, आता अंमलबजावणीचे आदेश खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचू देत, असे म्हणून ते तेथेच बसून राहिले.