भाकर, खर्रा आणि कर्करोग

वर्धा शहरास लागून असलेल्या नालवाडीचे नाव ग्रामसेवेच्या इतिहासात आदराने घेतले जाते. १९३२ साली विनोबाजी येथे राहावयास आले. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीतून हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल व गूळ यांचा पुरस्कार केला. अन्नाचा विचार हाच आरोग्याचा विचार होय, ही शिकवण या परिसरास नवी नाही.

त्यानंतर येथील ताट पालटले. शेतात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, ताटात भाकरीची जागा पोळी व भाताने घेतली. जवसाचे तेल मागे पडले. तळलेले पुडीबंद पदार्थ मुलांच्या हाती आले. याच काळात कर्करोगाचे नाव गावोगावी ऐकू येऊ लागले. त्यामुळे, पूर्वीचे अन्न शुद्ध होते म्हणून हा रोग नव्हता, असा समज दृढ झाला आहे.

हा समज अर्धाच खरा आहे. पूर्वी रोग होता, परंतु निदान होत नसे. शिवाय हा रोग मुख्यतः उतारवयाचा, आणि आता आयुर्मान वाढले आहे. बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रामुख्याने आढळला. त्याचे कारण अन्न नसून विषाणूचा संसर्ग आहे. मुखाच्या कर्करोगाचे मूळ तर तंबाखू व सुपारीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरविली. खर्ऱ्यात तर सुपारी, तंबाखू व चुना ही तिन्ही एकत्र येतात. खतास दोष देत खर्रा घोटणे म्हणजे कुंपण सोडून बांधावर राखण करणे होय.

तथापि आहाराचे महत्त्व कमी नाही. ज्वारी, डाळी व भाजीपाला यांतील चोथ्यामुळे आतड्याच्या कर्करोगाचा धोका घटतो. स्थूलतेमुळे अनेक प्रकारच्या कर्करोगांचा धोका वाढतो. ओलसर साठविलेल्या भुईमूग व मक्यावरील बुरशीचे विष यकृतास घातक असते. म्हणून घरापुरती ज्वारी पेरणे, परसात भाजी लावणे, शेंगा कडक वाळवूनच साठविणे व बुरशी आलेला दाणा टाकून देणे, ही कामे प्रत्येक शेतकरी कुटुंबाच्या आवाक्यातील आहेत.

परंतु केवळ भाकर खाल्ल्याने तपासणी टळत नाही. तोंडातील तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा चट्टा, तोंड कमी उघडणे, स्तनातील गाठ, अवेळी रक्तस्राव ही चिन्हे लाजेने किंवा भीतीने लपविण्याची नव्हेत. तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांच्या मुखाची, तसेच स्त्रियांच्या स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी शासकीय आरोग्य कार्यक्रमात समाविष्ट आहे. पुढील उपचारांसाठी सेवाग्रामचे रुग्णालय जवळ आहे, नागपूरही दूर नाही. वेळीच ओळखलेला रोग पुष्कळदा बरा होतो. उशिरा ओळखलेला रोग घरासह शेतही गिळतो. पेरणीची वेळ न चुकविणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीची वेळही चुकवू नये.